न आलेल्या गाडीची भावकी

भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला लागलं की थोड्या अंतरावर आमच्या मामाची वाडी आहे. घरामागे जांभ्याचा मांगर. आजोबांच्या वेळी त्यात दोन गाई आणि वर माळ्यावर पेंढा असे. गेली वीसेक वर्षं तिथे एक पांढरी, म्हणजे एके काळी पांढरी असलेली, प्रीमियर ११८ एनई उभी आहे. टपावर धुळीचा थर, मागच्या सीटवर आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या, आणि दर उन्हाळ्यात डिकीत कुठली ना कुठली मांजर वितेच. मामा आठवड्यातून एकदा बोनेट उघडतो, आत बघतो आणि बंद करतो. गाडी चालू व्हावी अशी त्याची अपेक्षा नसते. तब्येत विचारून यायचं, एवढंच.

यंदा मे महिन्यात मामेभाऊ न्यू जर्सीहून आला. तिकडे त्याने एक जुनी गाडी घेतली होती, तिचे फोटो घरभर फिरले. लालभडक, दोन माणसांची, कापडी टपाची, लांबुडक्या नाकाची. फियाट १२४ स्पायडर, २०१७ सालची. मामाने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, फोन लांब धरला आणि म्हणाला, "ही आपल्या गाडीच्या भावकीतली दिसते."

"बाबा, ती इटालियन स्पोर्ट्स कार आहे."

"मग आपली कुठली रे? चिपळूणची?"

सगळे हसले. मीही हसलो. पण रात्री पडवीत झोपताना ते वाक्य काही सुटेना, म्हणून मी त्या गाडीची वंशावळ काढायला बसलो. मामा चुकला नव्हता. उलट त्याला माहीत होतं त्याहून नातं जवळचं निघालं.

गोष्ट १९६६ची. तुरीनच्या फियाट कंपनीने १२४ नावाची चार दारांची, चौकोनी, कुटुंबवत्सल मोटार काढली. दिसायला खोक्यासारखी, पण हलकी आणि प्रशस्त, चारही चाकांना डिस्क ब्रेक. दुसऱ्या वर्षी युरोपातला 'कार ऑफ द इयर' हा मान तिला मिळाला. आणि १९६६च्याच नोव्हेंबरात तुरीनच्या मोटार प्रदर्शनात तिची नखरेल धाकटी बहीण अवतरली, ती १२४ स्पायडर. पत्र्याचं काम पिनिनफरिना या नामांकित घराण्याचं. पण ज्या रेषांना जग इटालियन सौंदर्य म्हणून दाद देत आलं, त्या काढल्या टॉम चार्डा नावाच्या डेट्रॉइटमध्ये जन्मलेल्या, डच वंशाच्या अमेरिकन माणसाने. इंजिनामागे ऑरेलिओ लांप्रेदी, म्हणजे ज्याने आधी फेरारीसाठी इंजिनं केली तो इंजिनिअर. वर दोन कॅमशाफ्ट, आणि त्या फिरवायला साखळीऐवजी दातेरी रबरी पट्टा. त्या काळी हे धाडस होतं.

आणि खालचा सांगाडा? त्या खोकेवजा १२४चाच. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर मोठ्या बहिणीत २४२० मिलिमीटर, स्पायडरमध्ये २२८०. मधून चौदा सेंटिमीटर कापले आणि वर नवं लुगडं नेसवलं. आज नव्या स्पायडरच्या अस्सलपणावर भांडणारे हे सोयीने विसरतात. मूळची गाडीसुद्धा सामायिक सांगाड्यावरच उभी होती, फक्त वाटेकरी घरातलाच होता.

१९८५पर्यंत ती निघत राहिली, शेवटची काही वर्षं पिनिनफरिनाच्याच नावाने. जवळपास दोन लाख गाड्या झाल्या आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेत गेल्या. त्यानंतर तीस वर्षं सामसूम.

थोरली बहीण मात्र घरी बसणारी नव्हती. सोव्हिएत संघाने तिच्यासाठी व्होल्गाकाठी कारखानाच उभारला. ज्या गावात तो उभा राहिला त्याला इटालियन कम्युनिस्ट पुढारी तोल्यात्तीचं नाव दिलं होतं. १९७०पासून तिथे ती झिगुली म्हणून, परदेशी बाजारात लाडा म्हणून बनू लागली, आणि तो वंश २०१२पर्यंत चालला. स्पेनमध्ये ती सिआट झाली, तुर्कस्तानात मुरात. आणि भारतात आली ती आमच्या मांगरात उभी आहे.

भारतातला हा भाग मला सगळ्यात रंगतदार वाटतो, आणि तोच सहसा कुणी सांगत नाही.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी क्रायस्लरच्या गाड्या निघाल्या, मग पन्नाशीत फियाट आली. त्या काळातल्या गोलमटोल फियाटला मुंबईकर 'डुक्कर फियाट' म्हणत, आणि त्यात शिवीपेक्षा लाडच जास्त होता. पुढे अकराशे डिलाइट, मग इटलीशी करार संपल्यावर १९७२मध्ये प्रीमियर प्रेसिडेंट, आणि १९७४पासून पद्मिनी. काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढे बाकासारखी सलग सीट. कोकणातला चाकरमानी बोटीतून उतरो की एसटीतून, मुंबईत त्याचं पहिलं बूड टेकायचं ते बहुधा या सीटवर.

पण पद्मिनीचा नकाशा साठीच्या सुरुवातीचा होता, आणि डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. हलकी, चपळ, आत सुझुकीचं तंत्र. कुर्ल्याला काहीतरी करणं भाग होतं. तिकडे स्पेनमध्ये सिआटने १९८०मध्ये १२४ बंद केली होती. तिचे साचे प्रीमियरने घेतले. म्हणजे शरीर इटालियन, पण आणलं स्पेनच्या माजघरातून. आता त्यात इंजिन कुठलं घालायचं? फियाटचं घातलं नाही. जपानच्या निस्सानचं ए-१२ हे ११७१ सीसीचं, ५२ अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन घेतलं. दातेरी पट्टे नाहीत, दोन कॅमशाफ्ट नाहीत, कुठलाही तोरा नाही. डॅटसनच्या छोट्या गाड्यांत ते जगभर फिरून मुरलेलं होतं. १९८५मध्ये कल्याणच्या कारखान्यातून ही नवी मोटार बाहेर पडली: प्रीमियर ११८ एनई. ११८ म्हणजे साधारण १.१८ लिटर, आणि एनई म्हणजे निस्सान इंजिन.

ते नाव पुन्हा एकदा वाचा. इटालियन देहात जपानी काळीज घातलं आणि तसं मागच्या पत्र्यावर लिहूनही टाकलं. लपवाछपवी नाही.

मामाने ती १९९१मध्ये घेतली, तेव्हा तो परळला राहायचा. गिअर खाली जमिनीवर, पुढे दोन वेगळ्या सीटा, चौकोनी दिवे. चाळीत तिला 'मोठी गाडी' म्हणत. १९९३च्या गणपतीत आम्ही सहा जण त्यातून रत्नागिरीला आलो, सातवा बाप्पा मामीच्या मांडीवर. रात्री दहाला निघालो, वडखळला चहा, कशेडीचा घाट पहाटे, परशुरामच्या वळणांवर धुकं इतकं की मामा खिडकीतून डोकं बाहेर काढून चालवत होता. संगमेश्वरच्या अलीकडे गाडी तापली. आदल्या आठवड्यात मुंबईतल्या एका गॅरेजवाल्याने रेडिएटरचा पाइप दुसऱ्याच कुठल्या गाडीचा बसवला होता, तो सुटला. मामाने ओढ्याचं पाणी तांब्याने भरलं (तांब्या पूजेच्या सामानातला, मामी अजून ते काढते), पाइप सुतळीने आवळला आणि हातखंब्याच्या तिठ्यापर्यंत एकदाही न थांबता आणली. "निस्सान आहे ते, सोडत नाही," एवढंच म्हणाला.

इंजिनाने खरंच सोडलं नाही. सोडलं ते पत्र्याने. भाट्याच्या खाडीवरून येणारा खारा वारा कुणाचीच भीड ठेवत नाही. आधी दारांच्या खालच्या कडा गेल्या, मग पायाखालची फरशी. मामाने दोनदा लांबी भरून रंग काढला, तिसऱ्यांदा हात टेकले.

आता परत स्पायडरकडे.

रोडस्टर ही गाडी पोटापाण्याची नव्हे. दोन माणसं, दोन पिशव्या, डोक्यावर आभाळ, आणि ताकद मागच्या चाकांना. गिऱ्हाईक थोडं. अशा थोड्या गिऱ्हाइकासाठी वेगळा सांगाडा, वेगळे साचे, वेगळ्या चाचण्या, हा खर्च एकट्या घराला झेपत नाही. गावात एकट्याला मांडव परवडत नाही तेव्हा दोन घरं मिळून घालतात, तसंच. हिरोशिमाच्या माझदाकडे १९८९पासून एमएक्स-५ नावाची रोडस्टर होती, जगातली सगळ्यात खपलेली. जपानी लोक स्वार आणि घोडा एकजीव होण्याला 'जिन्बा इत्ताई' म्हणतात, तेच तिचं ब्रीद. पण २००८पासून फोर्डने माझदातला आपला मोठा हिस्सा विकायला काढला आणि ही मध्यम आकाराची कंपनी एकटी पडली. नव्या एमएक्स-५चा भार वाटून घ्यायला तिला जोडीदार हवा होता. फियाटकडे नाव होतं, परंपरा होती, पण मागच्या चाकांनी चालणारा छोटा सांगाडा नव्हता.

मे २०१२मध्ये दोघांचं ठरलं आणि जानेवारी २०१३मध्ये करार झाला. ठरलं होतं ते मात्र वेगळं. माझदा ही गाडी अल्फा रोमिओसाठी करणार होती. मग फियाटचे प्रमुख सर्जिओ मार्किओने यांनी पवित्रा बदलला: अल्फा रोमिओ इटलीबाहेर बनणार नाही. वर ठरलेला, मांडव घातलेला, आणि आयत्या वेळी नवरीच बदलली. अल्फाच्या जागी फियाट उभी राहिली आणि तिच्यासाठी जुन्या पेटीतून १२४ स्पायडर हे नाव काढलं. नोव्हेंबर २०१५मध्ये लॉस एंजेलिसला ती जगापुढे आली.

बनली कशी, ते मजेदार आहे. इंजिन इटलीतल्या एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या तेर्मोलीचं, १३६८ सीसीचं मल्टिएअर टर्बो. ते जहाजाने हिरोशिमाला जायचं. तिथे एमएक्स-५च्याच ओळीत गाडी जुळायची आणि तयार होऊन पुन्हा जहाजाने युरोप-अमेरिकेला निघायची. युरोपात १४० अश्वशक्ती, अमेरिकेत १६०. टर्बोचा जोर नव्या एमएक्स-५च्या गिअरबॉक्सला पेलेल की नाही म्हणून आधीच्या पिढीचा दणकट गिअरबॉक्स वापरला. बाहेरचा पत्रा वेगळा, लांबी एमएक्स-५पेक्षा सुमारे चौदा सेंटिमीटर जास्त. मूळ स्पायडर करताना सांगाड्यातून चौदा काढले होते, आता लांबीत चौदा घातले. या योगायोगाला अर्थ काही नाही, पण मला तो आवडला. आत बसलं की मात्र सगळं माझदाचं: तोच डॅशबोर्ड, तोच पडदा, तीच बटणं, स्टिअरिंगवरचा बिल्ला तेवढा बदललेला. माझं मत विचाराल तर इथे फियाटने आळस केला. एवढ्या थाटाचं नाव पेटीतून काढायचं आणि घरात भांडी दुसऱ्याची मांडायची, हे बरं दिसत नाही. अमेरिकेत एमएक्स-५ला मियाटा म्हणतात, तिथल्या टवाळांनी हिचं 'फियाटा' करून टाकलं.

मामेभावाला मी सांगितलं, तिकडे गेलास की काचेखाली कोपऱ्यात चासी नंबर असतो, त्याचं पहिलं अक्षर बघ. इटलीत बनलेल्या फियाटचा नंबर 'झेड'ने सुरू होतो, भारतातल्या गाडीचा 'एम'ने. त्याने महिन्याभराने फोटो पाठवला. पहिलं अक्षर 'जे'. जपान. बिल्ला काहीही बोलो, चासी नंबर खोटं बोलत नाही. माझ्या लेखी दोन्ही गाड्यांतला खरा फरक हाच. कल्याणवाल्यांनी जपानचं नाव मागच्या पत्र्यावर चढवलं, तुरीनवाल्यांनी ते काचेखालच्या पट्टीत ठेवलं. वर्षांचा हिशोब केला तर कल्याणने हा संसार तीसेक वर्षं आधी थाटला होता.

भारतात स्पायडर विकायला आलीच नाही. आली असती तरी तयार आयात गाडीवरची तेव्हाची ६० ते १०० टक्के जकात भरून ती कुणी घेतली असती, हा प्रश्नच आहे. युरोपात ती २०१९मध्ये थांबली, अमेरिकेत २०२०मध्ये.

तरीही मी म्हणेन की रत्नागिरीत ती आहे, सुट्या भागांत. एका शनिवारी ती शोधायला मी मारुती मंदिराच्या चौकात तासभर उभा राहिलो.

पहिली दिसली एक पांढरी जीप कंपास, पेट्रोलची, बहुधा गणपतीपुळ्याकडे निघालेली. पुण्याजवळच्या रांजणगावात २०१७पासून कंपास बनू लागली आणि तिच्या पेट्रोल आवृत्तीत हेच १३६८ सीसीचं मल्टिएअर टर्बो होतं, अमेरिकेतल्या स्पायडरच्या जवळपास तेवढ्याच ताकदीचं. म्हणजे स्पायडरचं काळीज आरे-वारेच्या किनाऱ्याने कधीच जाऊन आलं आहे, फक्त भलत्या अंगात. जाणकारांना पुंटोही आठवेल. २०१५मध्ये रांजणगावाहूनच विंचवाच्या बिल्ल्याची आबार्थ पुंटो निघाली होती, इंजिन याच गोतातलं. कोकणात गडग्याचा दगड उचलला तरी विंचू निघतो, त्यामुळे आपल्याला त्याचं अप्रूप नसावं. फारशा खपल्या नाहीत.

मग डिझेल डिझायर. टुरिस्टवाल्यांच्या, लग्नाच्या, रेल्वे स्टेशनच्या भाड्याच्या. ही तर ११८ एनईची बरोबर उलटी बाजू. २००७पासून मारुतीने सुझुकीच्या गाड्यांत फियाटचं १.३ मल्टिजेट डिझेल परवान्यावर बनवून घातलं. टाटांनीही तेच घेतलं, आणि मोटारीतली मंडळी त्याला 'राष्ट्रीय इंजिन' म्हणू लागली. जपानी देह, इटालियन काळीज. एप्रिल २०२०च्या नव्या प्रदूषण नियमांनी ते संपवलं, पण रत्नागिरीतल्या कितीतरी संसारांचा हप्ता त्या इंजिनाने फेडला आहे.

माझदा हे नावही इथे परकं नाही. स्वराज माझदा! आमच्या पिढीला माझदा म्हणजे टेम्पो नाहीतर शाळेची मिनी बस, १९८३मध्ये पंजाबात सुरू झालेल्या कंपनीची. गावातल्या एखाद्याला सांगून बघा की माझदा उघड्या टपाची शर्यती गाडीपण बनवते. तो विचारेल, कॅरियर कुठाय? आणि मिरकरवाड्याच्या बंदरातून सुरमई-बांगडा घेऊन, पाणी गाळत सुटणारी ती तीनचाकी आपे? ती पियाजिओची, इटलीची. जन्म बारामतीचा.

प्रीमियरनेही शेवटी हाच खेळ पुन्हा खेळला, पण त्याची दखल कुणी घेतली नाही. २००९मध्ये चिंचवडहून तिने रिओ नावाची बुटकी एसयूव्ही काढली. मूळ गाडी झोत्ये या चिनी कंपनीची, आणि त्या चिनी गाडीचा सांगाडा जपानच्या दायहात्सू टेरिओसचा. आधी त्यात प्यूजोचं डिझेल होतं, २०१२मध्ये फियाटचं मल्टिजेट आलं. पुन्हा जपानी हाडं, इटालियन काळीज. ती चालली नाही. प्रीमियर आता मोटारी बनवत नाही. कुर्ल्यात प्रीमियर रोड हे नाव राहिलं, आणि कारखान्याच्या जागेवर कोहिनूर सिटी उभी आहे.

शेवटी मेस्त्रींना घेऊन मामाच्या मांगरात गेलो. मेस्त्री चाळीस वर्षं गाड्यांच्या कामात आहेत, बोलतात कमी. त्यांनी बोनेट उघडलं, दांडी काढून ऑइल बोटावर घेतलं, प्लग काढून सिलिंडरात थोडं ऑइल सोडलं, पुलीला पाना लावला आणि दोन्ही हातांनी जोर दिला. आधी काहीच नाही. मग एक दबका, जड श्वास आणि क्रँक हलला. जाम नव्हता. मामा बाजूला उभा होता, त्याने खिशातून रुमाल काढला आणि उगाच बोनेटची कड पुसली.

"इंजिन होईल," मेस्त्री म्हणाले. "कार्बुरेटर साफ करू, टाकी धुऊ, पाइप सगळे नवे. फरशीला खालून पत्रा मारावा लागेल. पण पुढचा दिवा कुठून आणू? डावा फुटलाय, जाळीपण गेली. ह्या गाडीचं सामान आता मिळत नाही."

"लाडाचा बसेल का?" मामेभावाने न्यू जर्सीहून व्हिडिओवर विचारलं. त्याच्या डोक्यात आता भावकी पक्की भिनली होती.

मेस्त्रींनी फोनकडे नुसतं बघितलं.

मामेभाऊ म्हणतो, पुढच्या वेळी आलो की स्पायडर नाही तर निदान ही तरी आरे-वारेपर्यंत नेऊ. डिसेंबरात न्यावी, असं माझं मत. जूनपासून चार महिने आपल्याकडे जो पाऊस पडतो त्यात कापडी टपाची गाडी म्हणजे चाकं लावलेली पडावच, आणि मे महिन्यात जांभ्याची लाल धूळ दातांत येते. ११८ एनईला वर पक्का टप आहे, मागे तीन माणसं बसतात, डिकीत हापूसच्या पेट्या राहतात. दोन्हींतली एक निवड म्हटलं तर मी हीच घेईन.

तर वाचकहो, एक विनंती. तुमच्याकडे, तुमच्या शेजाऱ्याकडे, कुठल्या मांगरात किंवा बंद गॅरेजमध्ये ११८ एनईचा पुढचा डावा चौकोनी दिवा आणि पुढची जाळी पडून असेल, तर भंगारवाल्याच्या काट्यावर घालण्याआधी या अंकाच्या पत्त्यावर दोन ओळी टाका. न्यायला मी स्वतः येईन. पैसे मामा देईल.